न केलेला फोन

बायकोच्या मांडीतून पू यायला लागला तेव्हा पहिले दोन दिवस त्याला वास नव्हता. ताकाच्या निवळीसारखं पातळ पाणी होतं ते, चादरीवर बोराएवढा डाग. तिसऱ्या दिवशी वास आला. उन्हाळ्यात कपाटामागे उंदीर मरून पडतो आणि घरभर शोधूनही सापडत नाही, तेव्हा येतो तसा. मी नाकाला रुमाल लावला. तिने ते पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

मला किळस आली होती. ती पुवाची आहे अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. खरी कशाची होती ते सांगावं, म्हणून हे लिहितो आहे.

मी धरणगावला शाळेत गणित शिकवतो. घर वडिलांच्या वेळचं, पण डागडुजी केलेलं. मुलगी लग्न होऊन गेली, घरात आम्ही दोघंच. त्या वर्षी आषाढात बायको गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण बघायला गेली आणि शेवाळावरून घसरली. पडली ती उजव्या कुशीवर. उठता येईना. शेजाऱ्यांच्या गाडीतून जळगावला नेलं. डॉक्टरांनी एक्सरे पाहून सांगितलं की खुब्यात, मांडीच्या हाडाची मान असते तिथे ते मोडलं आहे. वय अजून साठीच्या आतलं, म्हणून सांधा बदलायचा नाही, स्वतःचंच हाड वाचवायचं. तीन स्क्रू घालून त्यांनी ते बसवलं.

ऑपरेशन चांगलं झालं. सुट्टी देताना डॉक्टरांनी मला एकट्याला समोर बसवून चित्र काढून दाखवलं. या जागी रक्त फार थोडं पोचतं, म्हणाले, म्हणून हाड हळूहळू जुळतं. तीन महिने हा पाय जमिनीवर टेकवायचा नाही. वॉकर घेऊन एका पायावर संडासपर्यंत, तेवढंच. वजन पडलं तर हाड खाली बसेल, स्क्रू मागे सरकतील नाहीतर हाड फाडून सांध्यात घुसतील, आणि वरचा गोळा मरेल. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. ती वही अजून आहे. अक्षर सुंदर आहे माझं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई असते. खानदेशातल्यांना सांगायला नको. इतरांसाठी एवढंच की नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, लुगडं, दागिने घालून देवी म्हणून चौरंगावर बसवतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन त्याचे रोट करतात, ते भावकीनेच खायचे. सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन बायका नाचत, गाणी म्हणत पाण्यावर जातात. आमच्या भावकीत एक रीत आहे. चौरंग पहिल्यांदा उचलून उंबऱ्याबाहेर काढायचा तो घरातल्या थोरल्या सुनेने. ती नसेल, आजारी असेल, तर जी उचलेल तिच्या घरी पुढच्या वर्षापासून कानबाई बसते. म्हणून आजोबांपासून ती आमच्या घरी होती.

धाकटा भाऊ धुळ्याला असतो. देवपुरात त्याने मोठं घर बांधलं आहे, खाली हॉल एवढा की भावकी बसून उरेल. बायको पडल्यावर महिनाभराने त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, यंदा आमच्याकडे बसवू. वहिनीला दगदग नको. वाटलं तर पुढच्या वर्षी परत तुमच्याकडे."

परत आमच्याकडे येणार नव्हती हे त्याला माहीत होतं आणि मलाही. निदान मला तसं वाटलं. आज विचार करतो तर तो सरळ मनाने म्हणाला असेल. मी म्हणालो, बघू, डॉक्टरांना विचारतो. आणि फोन ठेवल्यावर जो राग आला त्याची आता शिसारी येते. या माणसाकडे गाडी आहे, बंगला आहे, सासरा मोठा आहे. माझ्याकडे काय, तर वर्षातून एक दिवस सगळी भावकी माझ्या दारात चपला काढते. तेवढंही याला हवं.

कानबाईच्या आदल्या दिवशी ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. मी शाळेतून आलो, पाणी प्यालो, आणि तिच्या पलंगाशी बसून म्हणालो, "डॉक्टरांना फोन केला होता. चार पावलं चालतील म्हणाले."

फोन केला नव्हता. करावा असं मनातही आलं नव्हतं, कारण उत्तर माहीत होतं.

ती उठून बसली. तिला केवढा आनंद झाला ते मी सांगत नाही, त्याची मला आठवण नको आहे. मग तिने विचारलं, "जोर कोणत्या पायावर द्यायचा ते विचारलं का?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी म्हणालो, "दोन्हीवर सारखा."

गणिताच्या मास्तरचं उत्तर. अर्धं वजन इकडे, अर्धं तिकडे.

सोमवारी सकाळी भावकी जमली. भाऊ आणि त्याची बायको धुळ्याहून आले होते. भावजय पदर खोचून चौरंगापाशी तयार उभी होती. चौरंग आपल्यालाच उचलायचा आहे असं धरून चालली होती बिचारी. मी सगळ्यांना डॉक्टरांची परवानगी सांगितली. आमची म्हातारी काकू, जिच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, ती खूश झाली. "थोरलीनाच मान शे," ती म्हणाली. "तू फक्त उभी राह्य, बठ्ठ्या बाया शेतस धराले."

धरायला सगळ्या होत्याच. दोघींनी तिला दंडाला धरून उभं केलं. वॉकर बाजूला घेतला, कारण चौरंगाला दोन्ही हात लागतात. चौरंग डोक्यावर आला. तिने उंबरा ओलांडला. डफ वाजायला लागला तसं धरणाऱ्या बायकांच्या अंगात नाच आला आणि त्यांचे हात सुटले. चार पावलांवर दुसरीने चौरंग घ्यायचं ठरलं होतं, पण बायकोला कोणी थांबवलं नाही आणि ती थांबली नाही. गल्लीच्या तोंडाशी निंबाचं झाड आहे, तिथपर्यंत गेली. खालचा ओठ तिने दातात धरला होता असं नंतर, सणाला आलेल्या मुलीने मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओत दिसलं. मी तेव्हा पाहिलं नाही. मी भावाच्या तोंडाकडे बघत होतो.

दुपारी पंगत बसली. मी तीन रोट खाल्ले, खिरीबरोबर, आणि वर कढी प्यालो. आतल्या खोलीत ती पडून होती आणि जांघेत कळ येते म्हणत होती. मी ताट घेऊन आत गेलो, म्हणालो की दगदग झाली, झोप काढ. माझ्या बोटांना तूप होतं. त्याच बोटांनी मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

कळ थांबली नाही. तपासणीची तारीख मी एकदा पुढे ढकलली, शाळेची घटक चाचणी आहे म्हणून. दरम्यान गोळ्या देत राहिलो. पंधरा दिवसांनी जळगावला नेलं तेव्हा आधी चाचांनी बघितलं. चाचा म्हणजे त्या दवाखान्यातले म्हातारे कंपाउंडर. नशिराबादहून रोज येणारे, पांढरी दाढी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. फोनही तेच उचलायचे आणि पट्टीही तेच करायचे. हातालाच मलम असावं तसा त्यांचा हात होता. ऑपरेशननंतर टाके काढताना बायको त्यांच्याशी कैरीच्या लोणच्याबद्दल बोलत होती, टाका निघाला तो तिला कळला नव्हता. त्यांनी जखमेच्या वणावरून बोट फिरवलं आणि एका जागी ते थांबलं. कातडीखाली काहीतरी टणक वर आलं होतं, हरभऱ्यासारखं. ते तसेच उठले. आत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले.

एक्सरेत सगळं दिसलं. हाड खाली बसलं होतं, स्क्रू मागे सरकून मांसात आले होते. डॉक्टरांनी विचारलं, "पाय टेकवला होता का?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "तुम्हीच तर फोनवर सांगितलं ना, चार पावलं चालतील. कानबाईच्या वेळी."

"मी?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

त्या क्षणी खरं सांगणं सोपं होतं. खोलीत आम्ही चौघंच होतो. पण माझ्या तोंडातून भलतंच निघालं. मी चाचांकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "फोन यांनी घेतला होता. विचारून सांगतो म्हणाले, मग चालेल म्हणाले."

चाचा हातात कापसाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं. खोटं बोलणाऱ्याचं तोंड वेगळं असतं, मला माहीत आहे. मग म्हणाले, "मेरे को तो ऐसा फोन आया नहीं, भाऊ."

"रोज किती फोन येतात," मी म्हणालो. "विसरला असाल."

विसरला असाल हे शब्द मी अशा समजूतदारपणे उच्चारले की बायकोला माझं कौतुक वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी तिने धुळ्याला फोनवर सगळं सांगितलं, आणि भाऊ गाडी घेऊन थेट दवाखान्यात आला. बाहेरच्या हॉलमध्ये पन्नास माणसं बसली होती, कोणाचा हात गळ्यात, कोणाचा पाय बाकावर. त्या सगळ्यांसमोर तो चाचांना म्हणाला की लोकांचे पाय मोडायला ठेवलंय का तुम्हाला इथे, डॉक्टर झालात का फोन उचलून उचलून. चाचा कापूस कापत राहिले. मी भावाचा दंड धरून "जाऊ दे, जाऊ दे" म्हणत होतो. भांडण मिटवणारा थोरला भाऊ. त्या दिवसापासून चाचांकडून फोन काढून घेतला गेला.

डॉक्टर म्हणत होते लगेच स्क्रू काढू. भाऊ म्हणत होता इथे आता हात लावू द्यायचा नाही. दुसरीकडे विचारत फिरण्यात दहाबारा दिवस गेले आणि तेवढ्यात स्क्रूवरची कातडी लाल झाली, पातळ झाली आणि फाटली. मग तो पू. दुसऱ्याने केलेलं, त्यात पू झालेलं काम कोणी घेईना, म्हणून शेवटी त्याच डॉक्टरांच्या पायऱ्या चढलो. त्यांनी एका शब्दाने टोचलं नाही. स्क्रू काढले, आतून धुतलं, जखमेचं तोंड उघडंच ठेवलं. खुब्याचा गोळा मेलेला आहे, म्हणाले. पू पूर्ण थांबला आणि पुन्हा आला नाही अशी खात्री झाली की नवा सांधा बसवता येईल. थांबला नाही तर त्या पायाचं काही सांगता येत नाही.

म्हणजे प्रश्न एवढाच होता की ती पुन्हा चालेल की नाही. आणि ते आता एका भोकावर अवलंबून होतं, ज्यात एक दिवसाआड चाचा औषधात भिजवलेली पट्टी चिमट्याने आत सरकवायचे आणि जुनी ओढून काढायचे. जुनी पट्टी बाहेर येताना तिच्याबरोबर पिवळं, रक्ताचे धागे असलेलं काहीतरी यायचं. चाचा वाकून त्याचा वास घ्यायचे, रंग बघायचे, आणि म्हणायचे, परवाच्यापेक्षा बरं आहे. मी दोनदा बाहेर जाऊन ओकलो. हॉलमधल्या बायका आपसात बोलायच्या की बघा, नवरा कसा बायकोचं करतो, आमचा तर दारापर्यंतही येणार नाही. एकीने मला पाण्याची बाटली दिली. ते पाणी मी प्यालो.

एकदा पट्टी काढताना चाचांचा चिमटा जरा लागला. माझी बायको, जी भाजीवाल्याशीही घासाघीस करत नाही, ती म्हणाली, "हळू करा. जे बिघडवलंय तेवढं पुरे झालं."

चाचा म्हणाले, "जी ताई." आणि आणखी हळू करायला लागले.

मी तिथे उभा होतो, तिचा परकर वर धरून. पुवाचं भोक माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला त्याच्याकडे बघणं सोपं वाटलं. स्वतःची जीभ मात्र तोंडात पडून असलेल्या, ओंगळ चवीच्या मांसाच्या तुकड्यासारखी वाटत होती. तरी मी बोललो नाही. त्यानंतरही दीड महिना बोललो नाही.

दिवाळीनंतर भावाने तिला धुळ्याला त्याच्या घरी नेलं. खालचा हॉल तिला दिला. तिथल्या एका डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं जे जळगावच्यांनी सांगितलं होतं, आणि पट्टी त्यांच्याकडेच होऊ लागली. भावजय तिचं भांडं उचलायची, तोंड वाकडं न करता. एका रविवारी मी गेलो तेव्हा भावाने टाइप केलेला एक अर्ज माझ्या पुढ्यात ठेवला. दवाखान्याविरुद्ध तक्रार. त्यात चाचांचा उल्लेख होता, की सदर इसमाने बेजबाबदारपणे परवानगी दिल्यामुळे माझी पत्नी अपंग झाली. खाली माझ्या सहीसाठी रेघ.

मी अर्ज दोनदा वाचला. शुद्धलेखनाची एक चूक सापडली, ती दुरुस्तही केली. भाऊ म्हणाला, "दादा, पेपर तपासू नका. सही करा."

पलंगावरून बायको म्हणाली, "करा. त्या माणसाला कळू द्या एकदा."

मी पेन खाली ठेवला. म्हणालो, "मी फोन केलाच नव्हता."

भावाला समजलं नाही. त्याने विचारलं, कोणता फोन. मी म्हणालो, कोणताच नाही, डॉक्टरांना नाही, चाचांना नाही. मला कानबाई धुळ्याला जाऊ द्यायची नव्हती.

भावजय हातातलं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली. भावाने तो अर्ज हातात घेतला. मग म्हणाला, "तुम्ही नुसतं नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं, दादा. वहिनी बसून राहिली असती, माझ्या बायकोने तुमच्या दारात चौरंग उचलला असता, आणि मी काकूला सांगितलं असतं की रीत गेली खड्ड्यात. मी काय चोरून नेणार होतो?" एवढं बोलून त्याने अर्ज चार ठिकाणी फाडला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गटारीत पाय पडल्यावर माणूस चपलेकडे बघतो तसा तो माझ्याकडे बघत होता.

बायकोने एकच विचारलं. "आणि जोर दोन्ही पायांवर सारखा द्यायचा, तेही तुम्हीच?"

"हो."

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. मी कसा बसेन, काय म्हणेन हेही ठरवून ठेवलं होतं. तिने भावजयीला हाक मारली आणि म्हणाली, "उद्या मला जळगावला न्यायचं. त्या चाचांकडे." मग माझ्याकडे न बघता, "त्यांना मी काय काय बोलले."

भावाने गाडी काढली. मी पुढे बसलो, ती मागे आडवी, भावजयीच्या मांडीवर डोकं ठेवून. दवाखान्यात तिने मला आधी आत येऊ दिलं नाही. काचेच्या दारातून दिसत होतं: ती व्हीलचेअरवर, तिने हात जोडलेले, चाचा घाईघाईने ते खाली करायला लावतायत. मग त्यांनी ट्रे आणला आणि पट्टी उघडून भोक बघायला लागले. बराच वेळ बघत होते.

मला आत बोलावलं तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती जखमेची. ताई सांगतात आठवडाभर पट्टी कोरडी निघतेय, म्हणाले, आणि खालून भरत येतंय. मी जे ठरवून आलो होतो ते बोलायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं. "मला सांगून काय, भाऊ? डॉक्टरसाहेबांना सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, म्हातारा स्वतःला वाचवतोय."

मी नंबर लावून बसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. फोन केलाच नव्हता या गोष्टीचं त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही असं मला दिसलं. ते म्हणाले, "तुमचा भाऊ त्यांना हॉलमध्ये बोलला होता. पन्नास लोकांत. तुम्ही मला इथे दार लावून सांगताय."

मी बाहेर आलो. सोमवार होता, हॉल भरलेला होता. रावेरकडचे केळीच्या ट्रकवरून पडलेले दोघं, पायाला प्लास्टर असलेली एक म्हातारी, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. भिंतीशी बायकोची व्हीलचेअर होती. चाचा टेबलापाशी कापूस कापत होते. मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं की या माणसाने मला कधी परवानगी दिली नाही, मी कधी फोन केला नाही, माझ्या बायकोचा पाय मी घालवला आणि नाव यांच्यावर टाकलं.

वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज पहिल्या रांगेतही पोचला नव्हता. प्लास्टरवाल्या म्हातारीने शेजारच्याला विचारलं, काय म्हणतोय हा. मग मलाच म्हणाली, "मोठ्यानं बोल ना, भाऊ. ऐकू नाही येत."

मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, मोठ्याने. चाचांनी कात्री खाली ठेवली होती. बायको ऐकत होती, माझ्याकडे बघत, आणि मी कुठे काही गाळतो का हे तपासत असल्यासारखी तिची मान थोडी पुढे आली होती.